नारायण खांबावर बसून राहिला

दिग्रसच्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य खोटे वाटेल. पण दिवाळी सरली, की कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे निघतात, रस्त्याकडेच्या काट्यांना घासून जातात, आणि प्रत्येक काटा आपला वाटा ठेवून घेतो. थोड्याच दिवसांत झाडे पांढरी होतात. सकाळी फिरायला निघालो, की सरकीचा तेलकट, किंचित आंबूस वास येतो. हवेत तरंगणारे तंतू चष्म्याच्या काचेवर बसतात. मी ते पुसतो आणि पुढे चालतो.

हंगाम दर वर्षी येतो. माझ्या लेखी मात्र त्यांतला एकच बाजूला काढून ठेवण्याजोगा आहे. त्या हंगामात घरात कोणी जन्मले नाही, कोणी गेले नाही. एका चित्रकथेवरून सासरा आणि सून यांच्यात वाद झाला, इतकेच घडले. तरीही काटे पांढरे होताना दिसले, की मला तोच हंगाम आठवतो, आणि कृतज्ञता वाटते. हा शब्द मी सहसा खर्च करीत नाही.

मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निकाल न्यायाधीश देतात. त्या निकालापर्यंत कागद क्रमाने पोहोचवणे हे शिरस्तेदाराचे काम. दावा आधी, उत्तर नंतर, पुरावा त्यानंतर. एक कागद मागेपुढे झाला, तर सत्यही मागेपुढे होते, असे मी मानत आलो. निवृत्तीबरोबर कागद सुटले, सवय सुटली नाही. आजही शेजारी एखादी हकीकत सांगू लागला, की मी प्रथम विचारतो, हे केव्हाचे?

वृंदा माझी सून. माहेर फुलसावंगीचे, शेतकरी घरचे. माझा मुलगा प्रसाद रस्त्यांच्या कामांवर अभियंता आहे. महिन्यातले थोडेच दिवस तो घरी असतो. पत्नी कुसुम गेल्यानंतर घरात बहुतेक वेळ आम्ही दोघेच असू, आणि दोघेही कमी बोलणारे. चहा झाला का, गोळी घेतली का, भाजी कोणती आणू, एवढ्या प्रश्नांवर आमचा दिवस भागत असे. दुपारी वृंदा जेवणाच्या टेबलावर फळी ठेवून चित्रे काढी. मी वर्तमानपत्र वाची. दोघांच्या मध्ये शाईची बाटली असे.

तिची चित्रकथा एका मराठी बालमासिकात दर महिन्याला येत होती. नाव ‘तारेवरचा नारायण’. नायक खेड्यातला लाइनमन. वादळात खांबावर चढलेला असताना त्याला विजेचा झटका बसतो. तो मरत नाही, उलट वीज त्याच्या हातांत उतरते आणि त्याला उडता येऊ लागते. मात्र उडायचे ते तारेच्या मार्गानेच. जिथे तार पोहोचलेली नाही, तिथे त्याला सर्वांसारखे पायी जावे लागते. आकाशात कुठेही भरकटणाऱ्या महानायकांविषयी मला आदर नव्हता. हा नियम मात्र मला शिस्तीचा वाटला. तसे मी बोललो नाही.

नवरात्राच्या सुमारास पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. वृंदाने तो उभ्यानेच घेतला. नंतर ती माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. ती अशी कधी थांबत नसे.

“मामाजी, तुमी कोर्टात साक्षी तपासत होते ना?”

“तपासत नव्हतो. क्रमाने लावत होतो.”

“मग माह्या नारायणाची बी लावून द्या.”

प्रकरण असे होते. आलेल्या सहा अंकांचे पुस्तक काढण्याचा बाईंचा विचार होता. पण वाचकांच्या तक्रारी होत्या. गोष्ट कुठून कुठे जाते ते कळत नाही, सुरू झालेले काही पूर्ण होत नाही. संक्रांतीच्या आत वृंदाने कथानक सरळ करून दिले, तर पुस्तक निघेल. नाही दिले, तर मालिकाही तिथेच थांबेल.

“थांबली तर?” मी विचारले.

“तं फळी माळ्यावर. दुसरं काय?”

हे ती भाजी संपल्याचे सांगावे तशा आवाजात बोलली. पण माझी नजर टेबलावरच्या अंकाकडे गेली. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते: कथा व चित्रे, वृंदा. घराच्या दारावरची पाटी माझ्या नावाची. विजेचे बिल माझ्या नावाचे. पाहुणे येतात ते प्रसादच्या घरी येतात. तिचे नाव छापलेली जागा ती तेवढीच होती. मी चष्मा पुसला आणि सहाही अंक मागून घेतले.

अंक मी जसे दाव्याचे कागद वाची तसे वाचले, पेन्सिल हातात घेऊन. खोटे सांगत नाही, कथानक भयंकर होते. अंधारशेट नावाचा खलनायक एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये राहतो आणि तालुक्याची वीज चोरून बरण्यांत भरतो. तिसऱ्या अंकात तो विहिरीत पडून बुडतो. चौथ्या अंकात तो त्याच जिनिंगमध्ये बसून भजी खातो आहे.

“हा मेला होता,” मी म्हणालो.

“बुडला होता. मेला असं कुठं लिवलं?”

“मग वर कसा आला?”

“पोहता येत असंल.”

“तसे दाखवलेले नाही.”

“विहिरीत पडून पोहत बाहेर आलेल्या मानसाले कोन दाखवते, मामाजी? लाजला असंल. घरी जाऊन कपडे बदलले, भजे खाल्ले.”

मी पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या अंकात एकाच पानावर तूर फुलोऱ्याला आलेली होती आणि त्याच शेताच्या कडेला आंबे उतरवीत होते. शेतकऱ्याच्या मुलीला हे शोभत नाही, असे मी सांगितले.

“दोन्ही पिवये आहे. पान चांगलं दिसते.”

मी आणखी एक खूण केली. पाचव्या अंकात कोसळलेला पूल सहाव्यात उभा होता आणि त्यावरून बैलगाडी चालली होती. धरणाच्या भिंतीला पडलेली भेग कोणी बुजवली, याचा पत्ता नव्हता. खुणांनी समास भरून गेले. न्यायालयात असा दावा आला असता, तर पहिल्याच तारखेला परत गेला असता.

मात्र एक गोष्ट मला त्याच वेळी जाणवली आणि मी ती पेन्सिलीच्या टोकाखाली दाबून ठेवली. चुका शोधण्यासाठी एकदा वाचणे पुरेसे होते. मी दुसऱ्यांदा वाचत होतो, आणि ते अक्कासाठी.

अक्का म्हणजे नारायणाची थोरली बहीण. भावाला उडता येते, हे तिला पहिल्या अंकापासून ठाऊक आहे, आणि त्याचे तिला काडीचे कौतुक नाही. गाव वाचवून, धुराने काळवंडून तो अंगणात उतरतो. ती त्याला आपादमस्तक पाहते आणि म्हणते, “सदरा कुठी जायला? दिवाईचा होता ना?” दुसऱ्या एका प्रसंगी तो घाईघाईने कौलांवर उतरतो. ती आतूनच ओरडते, “दारातून ये. कवेलू फुटते.” आणि ज्याच्या हातांतून उजेड सांडतो, तो मुकाट्याने खाली उतरून, पाय धुऊन, दारातून येतो. अक्काचे डोळे वृंदा कधीच काढीत नसे. दोन छोट्या आडव्या रेघा. त्या रेघांत संशय, माया, थकवा आणि चुलीचा धूर, सारे मावत असे.

नारायणही तसाच. कोणाच्या घरात शिरण्यापूर्वी चपला काढतो, मग छप्पर पेटलेले का असेना. संकटातल्या माणसाला आधी विचारतो, जेवले का? उंचीची त्याला भीती वाटते. लाइनमनने ती कधी कोणाला सांगितलेली नसते. खांबावर चढताना तो हळूच खालच्या माणसाशी गप्पा सुरू करतो, म्हणजे मध्ये मध्ये थांबायला निमित्त मिळते आणि पाय लटपटलेले कोणाला कळत नाहीत. हे कुठल्याच पानावर लिहिलेले नव्हते. चित्रांत दिसत होते. मला दुसऱ्या वाचनात दिसले.

सर्वांत मोठा दोष सहाव्या अंकात होता आणि संपादकबाईंनी त्यावरच बोट ठेवले होते. अंधारशेट शहराची सगळी वीज लुटायला निघाला आहे. नारायण तारेवरून वेगाने निघतो. वाटेत त्याला एका झोपडीवर आकडा टाकलेला दिसतो, म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून चोरून घेतलेली वीज. नियमाप्रमाणे आकडा काढायला तो थांबतो. खाली दिव्याच्या उजेडात एक बाई शिवणयंत्रावर ब्लाउज शिवते आहे. दुसऱ्या दिवशी लग्न आहे, ब्लाउज नवरीचा आहे. ती वर न पाहता म्हणते, “आला आहेस तं बस. बाह्या राह्यल्या.” आणि नारायण खांबावर बसून राहतो. पाच पाने. यंत्र चालते, थांबते, दोरा तुटतो, बाई तो दातांनी तोडून पुन्हा ओवते, त्याच्याशी नवरीच्या मापाबद्दल बोलते. शहराची वीज तिकडे लुटली जाते. ती लूट एकाही चौकटीत नाही. दूरवरचा उजेड विझताना शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दिसतो, नखाएवढा. मुख्य घटना पानाबाहेर घडते आणि नायक बाह्या लागण्याची वाट पाहतो.

“याला कथा म्हणत नाहीत,” मी म्हणालो.

“मंग कशाले म्हनते?”

मी कामाला लागलो.

दिवाळीपर्यंत मी घटनांचा क्रम बसवून दिला. अंधारशेट विहिरीतून दोर धरून वर आला. पूल बांधून झाला. आंब्यांच्या जागी तुरीच्या शेंगा आल्या. सहाव्या अंकात नारायणाने आकडा काढला, बाईला समज दिली, वेळेवर शहर गाठले आणि लढून वीज परत मिळवली. प्रत्येक परिणामाला कारण होते. वृंदाने एका शब्दाने विरोध केला नाही. ती माझ्या क्रमाप्रमाणे नवी पाने काढत गेली. टेबलावर पणत्यांची वाट पाहणारी तेलाची बाटली होती, शाईची होती, चिवड्याचा डबा होता. या सगळ्यांतून ती फळी पुढेमागे सरकवत राहिली.

पाने पूर्ण झाली त्या दुपारी आम्ही ती ओळीने मांडली आणि दोन्ही बाजूंना उभे राहिलो.

“चूक कुठंच नाही,” शेवटी वृंदा म्हणाली.

“नाही.”

“पन हा नारायण नाही, मामाजी. हा त्याचा साहेब आहे.”

मी पाहिले. चेहरा तोच, टोपी तीच, पक्कड तीच. पण आकडा काढणारा तो हात मला कचेरीतला वाटला. बाईला समज देताना त्याने चपला घातलेल्या होत्या. अक्का त्या अंकांत कुठे राहिलीच नव्हती. कथानकाला तिची गरज पडली नव्हती.

त्या वर्षी पाऊस लांबला, म्हणून वेचणीही लांबली. वृंदाच्या माहेरी सीतादही दिवाळीनंतर होती. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात कापसाच्या झाडाची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावतात. या दिवसाला सीतादही म्हणतात. व्याह्यांचे बोलावणे दर वर्षी येई. मी दर वर्षी काही कारण सांगे. त्या वर्षी पानांपासून दूर जावे असे दोघांनाही वाटत होते. आम्ही पुसदपर्यंत एसटीने आणि तिथून जीपने फुलसावंगीला पोहोचलो.

विहीणबाई शेवंताबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या. पूजा झाली, दहीभात शिंपडून झाला. बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या. मी लिंबाच्या सावलीत बसण्यासारखा दगड शोधत होतो.

“इवाई, बसता कायले?” शेवंताबाईंनी हाक दिली. “सीतादहीले आलेला मानूस रिकाम्या हातानं जात नसते. धरा एक पात.”

“मला येत नाही.”

“कोर्टात येवढे कागद वेचले, बोंडं नाही वेचता येत?”

“चष्मा हाये ना त्याहीले,” दुसरी कोणी म्हणाली. “आपल्यापक्षा जास्त दिसते.”

“दिसते, पन वाकता येते का ते पाहा.”

हसण्याची एक लाट पऱ्हाटीवरून, कापसाच्या उभ्या पिकावरून, गेली. व्याह्याची थट्टा करण्याचा हक्क असतो आणि तो तिथे पुरेपूर बजावला गेला. मला उपरण्याची ओटी बांधून दिली आणि दोन बायकांच्या मधली पात माझ्या वाट्याला आली. पात म्हणजे एकेकीने धरलेल्या काही ओळी. त्या वेचत धुऱ्यापर्यंत जायचे, मग वळून नव्या ओळी धरायच्या. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोकदार असतात. कापूस बोटांना मऊ लागतो आणि नखांच्या मुळांशी रक्त काढतो. कागदांपेक्षा हे काम अवघड होते.

माझ्या उजवीकडे सुमन नावाची बाई होती. ती वेचता वेचता कोणा जनाआत्याची गोष्ट सांगत होती.

“जनाआत्यानं म्हैस घरात बांधली. पावसाचे दिवस होते ना. जावई आला. म्हने, म्हैस बाहेर काढा, मले वास येते. जनाआत्या म्हने, ती घरात पह्यले आली, तुमी मांगून आले.”

बायका हसल्या. मीही, बहुधा, हसलो असेन. तेवढ्यात धुरा आला. सगळ्या वळल्या, पाती बदलल्या आणि सुमन दूर गेली.

“मग जावयाने काय केले?” मी विचारले.

“धुरा आला ना, इवाई,” शेवंताबाई म्हणाल्या. “आता ते गोष्ट त्या पातीत गेली.”

नव्या पातीत शेजारी दुसरी बाई होती. तिच्याकडेही जनाआत्याच होती, पण दवाखान्यातली. डॉक्टर विचारतो, कुठे दुखते? जनाआत्या म्हणते, “तुमी शिकले ना? तुमी सांगा.” पुढे औषध दिले की नाही, ते धुऱ्याने ऐकू दिले नाही. तिसऱ्या पातीत जनाआत्या लग्नाच्या पंगतीत होती आणि वाढप्यावर रुसली होती. चौथ्यात ती लहान मुलगी होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत मला त्या बाईचा बसण्याचा ढंग, दातांखाली पदर धरण्याची लकब, रागावली की पाण्याचा गडवा उगाच घासत राहण्याची सवय, असे सगळे ठाऊक झाले होते. तिच्या एकाही गोष्टीचा शेवट मला ठाऊक नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा मी शेवंताबाईंना विचारले, “या जनाआत्या कुठे असतात?”

“कोनाले माहीत? मी लहान होती तवापासून ऐकून राह्यली.”

“म्हणजे त्या होत्या की नव्हत्या?”

“होती ना! नसती तं येवढी बोलली असती का?”

वृंदा भाकरी मोडत होती, ती थांबली. शेवंताबाई तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, “हिच्या बापानं हिले पानी पाजाले ठेवलं होतं. या पातीतून त्या पातीत. जिथं पान्याची गुंडी, तिथं ही. अर्धी गोष्ट इकडं ऐके, पाव तिकडं. घरी येऊन मले सांगे, तं ना शेंडा ना बुडूख. पन मानूस बराबर ओयखू येई.”

मी सुनेकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती आपल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती. उन्हात शेवंताबाईंनी डोळे बारीक केले होते. दोन छोट्या आडव्या रेघा.

परतीच्या प्रवासात माझी बोटे ठणकत होती. जीपच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नव्हते, म्हणून विचार करता आला. मला वाटले, जी माणसे ओळीओळीने काम करतात, त्यांची कथाही तशीच चालणार. धुरा कोणासाठी सरकत नाही. प्रसंग तिथे तुटतो. मग वळणावरून पलीकडे काय नेता येते? माणूस नेता येतो. त्याची लकब, त्याचा जबाब, त्याचे नाक वर करणे. पुढच्या पातीतल्या बाईला तेवढे पुरते. ती त्याला नव्या प्रसंगात उभे करते, आणि तो मोडत नाही. मोडला, तर तो माणूसच कच्चा.

हे मी दोषाचे मंडन करण्यासाठी लिहीत नाही. कच्चे कथानक कच्चेच असते. पुलाचे मला आजही खटकते. चांगल्या पुस्तकात दोन्ही असावे; क्रम असावा आणि माणूसही असावा. पण दोन्ही मिळत नसतील, तर काय ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर मला न्यायालयात मिळाले नव्हते. तिथे माझ्या हातांखालून अगणित कथानके गेली. कोणी कोणाच्या शेताची मेर कोरली, कोणी कोणाला वाटणी नाकारली, सगळे तारखेनिशी. त्यांतले आज काहीच आठवत नाही. आठवतो तो एक म्हातारा वादी, जो साक्ष देण्यापूर्वी टोपी काढून तिची घडी प्रतिवादीच्या हातात देत असे, कारण तो त्याचा भाऊ होता आणि टोपी ठेवायला दुसरी खात्रीची जागा नव्हती. दावा कोणी जिंकला, ते सांगता येणार नाही.

आणि कुसुम. तिच्या आयुष्याचे कथानक एका ओळीत संपते. लग्न झाले, बदल्या झाल्या, मुलगा झाला, आजार झाला. ती विनोद सांगताना शेवटापूर्वीच हसू लागे, त्यामुळे तिचा एकही विनोद मी पूर्ण ऐकलेला नाही. याहून अधिक लिहीत नाही.

मार्गशीर्ष संपत आला. टेबलावर दोन गठ्ठे होते, जुनी पाने आणि दुरुस्त पाने. बाहेर जिनिंगचे भोंगे वाजत. वृंदाने एका सकाळी लिफाफा काढला आणि पत्ता घातला.

“मामाजी, कोनतं पाठवू?”

“शिरस्तेदार निकाल देत नाही.”

“इथं जज कोनी नाही. तुमीच आहे.”

“जुने पाठवलेस, तर मालिका बंद होऊ शकते.”

“माहीत आहे.”

“तुझे नाव बंद होईल.”

हे माझ्या तोंडून गेले आणि तिने वर पाहिले. तिचे नाव छापलेले ते पान मी रोज पाहत होतो, हे तिला तेव्हा समजले असावे. ती लिफाफ्याचे तोंड उघडे धरून उभी राहिली. मी दुरुस्त पाने उचलली, चार कोपरे जुळवले आणि कपाटात ठेवली.

“साहेब घरी बसू दे,” मी म्हणालो. “नारायण पाठव.”

ती हसली. मग पेन्सिल घेऊन दुसऱ्या अंकातले आंबे खोडू लागली. तेवढी एक दुरुस्ती तिने मान्य केली होती. माझ्यासाठी, असे ती म्हणाली. कलेसाठी म्हणाली असती, तर अधिक बरे वाटले असते; पण मी घेतले.

त्यानंतरचे दिवस लांब होते. फोन वाजला, की आम्ही दोघेही उठत नसू, आणि मग एकदमच उठत असू. बाभळींवरचा कापूस धुळीने मळू लागला. तुरीच्या शेंगा बाजारात आल्या. वृंदाने त्या मीठ घालून उकडल्या, आम्ही त्या सोलत बसलो, दाणे वाटीत, साली ताटात, आणि नारायणाविषयी अवाक्षर काढले नाही. इतर विषयांवर मात्र बोललो. जनाआत्याविषयी बोललो. कुसुमविषयी बोललो. शेवटापूर्वी हसण्याची गोष्ट मी वृंदाला सांगितली, आणि ती म्हणाली, “मले माहीत आहे. माह्या लग्नात त्याहीनं एक सांगतला होता. अजून वाट पाहून राह्यली मी.” प्रसाद सुटीवर आला, त्याने आम्हाला असे बोलताना ऐकले आणि दाराशीच थबकला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. वृंदा तिळगुळाच्या पाकात गुंतली होती, हात चिकट; तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. त्यामुळे मीही ऐकले.

“वृंदाताई, कथानकाची भोके तशीच आहेत.”

“हो.”

“तुम्हाला सरळ करायला सांगितले होते.”

“सरळ केलं होतं. मग तो ओळखू येईना.”

मग बाई म्हणाल्या, “इथे कालपासून आमच्या दोन माणसांत भांडण आहे. एक म्हणतो, त्या बाईने ब्लाउज वेळेवर दिला. दुसरी म्हणते, वीज गेली, म्हणजे देता आला नसणार. शहर लुटले गेले त्याचे कोणाला काही नाही. मी आयुष्यात इतकी कच्ची गोष्ट छापलेली नाही. पुस्तक काढते. भोकांसकट. पुढच्या अंकात अक्का जास्त दाखवा.”

वृंदाने कोपराने फोन बंद केला. पाक कढईला लागत होता. ती तो हलवत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ, पाठ माझ्याकडे करून. मी उठून गॅस बारीक केला आणि परत जाऊन बसलो. आमच्या घरात आभार मानण्याची पद्धत नाही.

पुस्तक निघाले. मालिका चालू आहे. परवा नव्या अंकाची पाने टेबलावर होती. शाई वाळेपर्यंत वृंदा ती पंख्याखाली ठेवते, कोपऱ्यांवर वाट्या. त्यांत मला एक नवा म्हातारा दिसला. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून नारायणाला अडवतो आणि सांगतो, की या गावातल्या खांबांचे क्रमांक क्रमाने नाहीत, ते आधी लावून घ्या, शहर नंतर वाचवा. नारायण खाली उतरतो, चपला काढतो आणि सगळे ऐकून घेतो. म्हाताऱ्याचे पुढे काय होते, ते पानात नाही. तो पुढच्या पानावरही येतो, तिथेही काही घडत नाही. त्याच्याकडे पाहून अक्काने मात्र, प्रथमच, पाट मांडला आहे.

चित्रातल्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याचे गळ्याजवळचे बटण लावलेले आहे आणि त्यावर कापसाचा एक तंतू बसलेला आहे. मी आत जाऊन आरशात पाहिले. मग माझ्या बटणावरचा तंतू तसाच ठेवून बाहेर आलो.